गोळी जाते कुठं?

माझ्या खिडकीशी आजवर हजारो पेशंट आले असतील. गोळी पांढरी का, मोठी का, कडू का, सगळं विचारून झालं त्यांचं. पण तो एक प्रश्न फक्त छबूबाईने विचारला, आणि तोही भर सोमवारी, मागे तीस माणसं ताटकळत असताना.

"मॅडम, गोळी गिळल्यावर जाती कुठं?"

मी सत्यशीला. पाथर्डी तालुक्यातल्या एका सरकारी आरोग्य केंद्रात औषधं देते. राहते नगर शहरात, सावेडीला, रोज एसटीने ये-जा. जिल्ह्याचं नाव आता अहिल्यानगर झालंय, पण संध्याकाळी कंडक्टर अजून 'नगर, नगर' असंच ओरडतो आणि मीही तेच ऐकून चढते. माझं तोंड जरा फटकळ आहे, हे माझ्या सासूने पहिल्या महिन्यातच सांगितलं होतं. मी म्हटलं, "पोटात जाते, दुसरीकडे कुठं जाणार? व्हा पुढे."

"पोटात जाती ते मलाबी ठाव हाय. तिथनं म्होरं?"

"छबूबाई, लाईन थांबलीय!"

"थांबते मी," म्हणाली, आणि खरंच थांबली. दीड वाजेपर्यंत, भिंतीला टेकून, ऊन पायावर घेत. गोष्ट आहे दहा वर्षांपूर्वीची. तेव्हा ती नुकतीच आमच्याकडे आशाताई म्हणून लागली होती. त्याआधी सोळा हंगाम तिने नवऱ्याबरोबर ऊस तोडला. नवरा बन्सी किडन्या खराब होऊन गेला, त्यानंतर तिने कोयता टाकला तो टाकलाच. आठवी पास. अक्षर असं की डॉक्टरांनी लाजावं.

डबा खायला बाहेर आले तर बाई समोर उभी. आता हिला टाळून जाणार कुठे? बसवली बाकावर आणि खाता खाता सांगितलं. गोळी पोटात विरघळते, आतड्यातून रक्तात शिरते. रक्त तिला अंगभर फिरवतं. मग यकृत तिला मोडून टाकतं, मूत्रपिंडं गाळून लघवीवाटे बाहेर काढतात. उद्या पुन्हा नवी गोळी.

"म्हंजी पाठ दुखती म्हनून घ्यावी, तर ती नीट पाठीलाच जाती ना?"

"छे! औषधाला पत्ता कुठे माहीत असतो? ते सगळीकडे जातं. जिथे त्याचं काम आहे तिथे गुण येतो, बाकी ठिकाणी नुसता त्रास. दुखायच्या गोळ्या वर्षानुवर्षं खाल्ल्या, त्यात उन्हातानात पाणी कमी पडलं, तर मूत्रपिंडाची वाट लागते."

छबूबाई गप्प झाली. मला वाटलं, झालं बाईचं समाधान. मी डबा संपवला. ती उठली, पदर डोक्यावर घेतला आणि एक शब्द न बोलता गेली. मी मनात म्हटलं, आभार मानायचीही पद्धत नाही हिला.

समाधान कसलं! दुसऱ्या दिवसापासून बाईने माझ्या नाकी नऊ आणले. रक्तवाढीची गोळी चहाबरोबर का नको? बीपीची एक दिवस चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन का नाही घ्यायच्या? एकदा तर टीबीच्या एका पेशंट बाईला घेऊन आली आणि म्हणाली, "ही पाळणा लांबवायच्या गोळ्याबी खाती. दोन्ही एका पोटात भांडत्यात का?" भांडतात, बाई. टीबीची गोळी यकृताला असं कामाला लावते की ते पाळण्याची गोळी वेळेआधीच मोडून टाकतं. डॉक्टरांकडे पाठवून त्या बाईचा पाळणा लांबवायचा उपाय बदलायला लावला. त्या दिवसापासून मी छबूबाईला 'अहो' म्हणायला लागले. तिला ते आवडलं नाही, पण मी माझं सोडलं नाही.

ही ओळख करून दिली, कारण पुढचं जे झालं ते अशाच बाईच्या हातून होऊ शकतं.

गेल्या वर्षी दिवाळीच्या तोंडावर तिच्या वस्तीतल्या ज्ञानेश्वरीला टीबी निघाला. वय तेवीस, वजन एकोणचाळीस. लग्नाला चार वर्षं, नवरा कानिफनाथ. दोघं दरवर्षी कोपरगावकडे ऊसतोडीला जायची. आमच्याकडे तोडीला नवरा-बायकोच्या जोडीलाच 'एक कोयता' म्हणतात. नवरा तोडतो, बायको मोळ्या बांधते, डोक्यावरून गाडीला नेते. एकटा माणूस म्हणजे अर्धा कोयता, आणि अर्ध्याला मुकादम नाक मुरडतो.

वजनाप्रमाणे ज्ञानेश्वरीला रोज तीन गोळ्या होत्या, उपाशीपोटी, एकदम. सहा महिने. छबूबाईने कानिफनाथलाही तपासायला चल म्हणून तीनदा हटकलं. "मला काय धाड भरलीय?" म्हणाला. तिने ज्ञानेश्वरीला घरी थांबवायचा प्रयत्न केला. पण वस्ती रिकामी होत होती, आणि एकटीने कुलूपबंद घरांमध्ये राहायला ती तयार होईना. दहा दिवस छबूबाईने समोर बसून गोळ्या गिळवल्या. अकराव्या दिवशी ट्रक भरून माणसं गेली, त्यात हीदेखील गेली.

छबूबाईने सोडलं नाही. महिन्याची औषधाची पाकिटं गनीभाईच्या जीपमधून पाठवायची. गनीभाई पाथर्डी-कोपरगाव जीप हाकतो, तोडीवरच्या लोकांचं पीठ-मीठ, निरोप, लहान पोरं, सगळं नेतो. रोज सकाळी ज्ञानेश्वरीने रिकाम्या पाकिटाचा फोटो मोबाईलवर टाकायचा. तीन कप्पे फुटलेले दिसले की छबूबाई आपल्या वहीत खूण करणार. एक दिवस चुकला नाही. आणि वर रोजचा प्रश्न, "लघवी केशरी हुती का?" टीबीच्या गोळीने लघवी केशरी होते. औषध रक्तातून फिरून मूत्रपिंडातून बाहेर पडल्याची ती हातच्या काकणासारखी खूण, तिला आरसा कशाला? उत्तर रोज यायचं, "व्हय मावशी."

दोन महिन्यांनी तिकडच्याच दवाखान्यात तिचा बेडका तपासला. जंतू तसेच. वजन एक किलोने कमी.

आमच्याकडे तपासणीला आलेल्या साहेबांनी वही उघडली आणि आपटली. "घरी बसून टिकमार्क केलेत. आशांचं हे नेहमीचंच." आणि मी? मी काय केलं ते सांगायलाही लाज वाटते. मी साहेबांसमोर तोंड उघडलं नाही, आणि ते गेल्यावर छबूबाईला म्हटलं, "खरं सांगा, एखाद-दुसरी खूण अंदाजाने केलीत का?" उचलली जीभ, लावली टाळ्याला!

छबूबाईने वही उचलून पदराने पुसली. रागावली असती तर बरं झालं असतं.

"मॅडम, पाकीट रिकामं झालं. लघवी केशरी झाली. मंग रोग का हटंना?"

"गोळ्यांना दाद देत नसतील जंतू. निबर झाले असतील."

निबर जंतू म्हणजे काय ते तिला माहीत होतं. साध्या गोळ्या चालत नाहीत, उपचार जड होतो, अंगाला सोसत नाही, आणि काही पेशंट हातचे जातात. अडतीस किलोच्या पोरीचं काय झालं असतं, ते आम्ही दोघींनी बोलून दाखवलं नाही.

ती उठून उभी राहिली, पुन्हा बसली. मग म्हणाली, "पाकिटातनं गोळी गेली, एवढंच फोटोत दिसतंय. ती गेली कुठं, हे मी बघितलंच न्हाई. मीच इसरले इचारायची." आणि पदर खोचला. "आयतवारी गनीभाईच्या जीपनं जाते. तिला परत आनते न्हाईतर तिथंच बसते."

"मी येते," मी म्हटलं. का म्हटलं? ती खोटी निघाली असती तर मला बरं वाटलं असतं का? नाही. मला माझी जीभ धुवून घ्यायची होती.

रविवारी सकाळी गनीभाईने मला सावेडीतून उचललं. "मॅडम पुढं बसा. मागं छबूबाई बसलीय, पाथर्डीपासून तोंडातनं चकार शब्द न्हाई. मी दोनदा इंजिन तपासलं, मला वाटलं गाडीच बंद पडली." नेहमी छबूबाईने त्याला तिथल्या तिथे सुनावलं असतं. आज तिने खिडकीतून मान वळवली नाही. राहुरी गेलं, शिर्डीची गर्दी गेली. कोपरगावच्या अलीकडे रस्त्यावर उसाच्या ट्रॅक्टरांची रांग लागली.

उसाचा फड गोदावरीच्या अंगाला होता. अर्धा तोडून झालेला, पाचट पसरलेलं. आम्ही बांधावरून जात होतो तेव्हाच खोकला ऐकू आला. कोरडा, खोल, थांबेना असा. मी म्हटलं, "बिचारी पोर."

"बाईचा खोकला न्हाई त्यो," छबूबाई म्हणाली आणि चालायची थांबली.

कानिफनाथ होता. कोयता पाचटात टेकवून, वाकून खोकत होता. आम्हाला बघितल्यावर त्याने तोंड पुसलं आणि हसला. ज्ञानेश्वरी मोळी बांधत होती ती धावत आली, छबूबाईच्या पाया पडली, मला "मॅडम तुमी बी?" म्हणाली, आणि लगेच कोपीकडे नेऊन चहा ठेवला. कोपी म्हणजे बांबू-चटयांची झोपडी, आत वाकूनच शिरायचं. इतकी खुशीत होती की मला विचारायला सुचेना.

छबूबाईने चहाला हात लावला नाही. "गोळ्या रोज खाती?"

"रोज, मावशी. देवाची शप्पत."

"लघवी केशरी?"

"व्हय की. दोगांची बी."

मी कप खाली ठेवला. छबूबाईचा आवाज मात्र जराही हलला नाही. "दोगांची कशी गं?"

ज्ञानेश्वरीला यात चूक अशी काही वाटतच नव्हती, हे मला आधी समजायला हवं होतं. ती आमच्याकडे अशी बघत होती, की एवढं साधं तुम्हाला का कळत नाही. "ह्यान्ला हितं आल्याबरूबर खोकला लागला. दोगांची बी नावं टीबीत लागली असती, तर मुकादमानं आमचा कोयताच हाकलला असता. मंग आमी गोळ्या वाटून घेतल्या. दीड मी, दीड हे. एकच कोयता हाय ना आमचा, मावशी. भाकर आर्दी-आर्दी, पानी आर्दं-आर्दं. मी येकटीनं तीन खायाच्या नि ह्यांनी खोकत ऊस तोडायचा? मला गिळलं नसतं."

तीच ती मायेची गोष्ट, आणि तिच्यातच सगळा घात. मला रागही आला आणि रडूही आलं, आणि दोन्ही एकदम आली की माझा आवाज चढतो. मी म्हटलं, "अगं बये, ते औषध आहे, प्रसाद नाही वाटायला!"

छबूबाईने हात वर करून मला गप्प केलं. कानिफनाथला हाक मारली. तो दारात उकिडवा बसला.

"माज्या घरचा रांजन बघितलाय ना दोगांनी? मधे तोटी, बुडाला चीर. रोज सकाळी तीन घागरी वतल्या तर पानी तोटीपातुर चढतं नि तोटी चालती. दिवसभरात चिरंनं पाझरून जातं. दुसऱ्या दिवशी पुन्ना तीन. आता दीडच घागर वतली तर?"

"तोटीपातुर चढायचंच न्हाई," कानिफनाथ म्हणाला.

"तसंच रगतात. दीड गोळीनं औषद चढतंय, पन पुरतं चढत न्हाई, तवर किडनी बाहीर टाकती. केशरी दिसती ती ह्याचीच. तिचा बी रांजन आर्दा, तुजा बी आर्दा. कुनाचीच तोटी चालली न्हाई. आन् त्या आर्द्या औषदानं किडे मरत न्हाईत रे. थोडं मरत्यात, बाकीचं शिकत्यात. म्हंजी दोन म्हयने तुमी दोगांनी मिळून त्यांना शिकवलंय, आमाला कसं मारायचं ते."

कानिफनाथ बायकोकडे बघेना. ज्ञानेश्वरीने चहाचं पातेलं उतरवलं, पुन्हा ठेवलं.

"चला," छबूबाई उठली. "गाठोडी बांदा."

"मावशी, हंगाम..."

"हंगाम पुढल्या साली बी येतो. गाठोडी बांद म्हनलं ना!"

मुकादम आला. त्याचा आवाज मोठा होता, पण छबूबाईचा त्याहून मोठा निघाला. सगळा तळ जमा झाला. ती म्हणाली, "ही दोगं हितं ऱ्हायली तर तुज्या कोपीत बी खोकला जाईल. तुज्या पोरांना मी तपासायला येऊ का?" मुकादमाची पोरं तिथेच खेळत होती. त्याने पोरांकडे बघितलं, मग गनीभाईकडे बघितलं आणि म्हणाला, "न्या." गनीभाईने जीपच्या खिडक्या सगळ्या उघड्या ठेवल्या, दोघांच्या तोंडाला रुमाल बांधायला लावले, आणि वाटेत एकदाही थट्टा केली नाही.

पाथर्डीत दुसऱ्या दिवशी दोघांचे बेडके घेतले आणि नगरच्या प्रयोगशाळेत पाठवले. आता सगळा जीव त्या एका कागदावर टांगलेला. जंतू शिकले की नाही? तीन दिवस ज्ञानेश्वरी छबूबाईच्या ओट्यावर बसून होती. माझ्याशी बोलायची, पण नवऱ्याशी बोलेना. मी रोज खिडकीतून औषधं देत होते, कान फोनकडे. एका आजोबांना खोकल्याऐवजी पोटाचं औषध देता देता वाचले.

चौथ्या दिवशी सकाळी रिपोर्ट आला. मी फोन केला नाही, स्वतः चालत गेले. वाचून दाखवलं. ज्ञानेश्वरीचे जंतू निबर झाले नव्हते. ह्याच गोळ्या चालणार होत्या, फक्त पुन्हा पहिल्या दिवसापासून. कानिफनाथलाही टीबी होता, तोही साधाच. त्याच्या वजनाला रोज चार गोळ्या.

पुढचं आधीच सांगून टाकते, उगाच टांगून ठेवायची मला सवय नाही. दोघं बरी झाली. सहा महिने रोज सकाळी छबूबाई दोघांच्या मधे ठाण मांडून बसायची. कानिफनाथ म्हणायचा, "मावशी, लगीन आमचं झालंय, मधे तुमी का?" आणि ती म्हणायची, "तोंड उघड, गिळली का बघू दे." ज्ञानेश्वरी सत्तेचाळीस किलोची झाली. मी त्या साहेबांना चार ओळींचं पत्र लिहिलं, बरंच कडक. त्याचं उत्तर आलं नाही. छबूबाईची मी माफीही मागितली. ती म्हणाली, "व्हय, व्हय, लाईन थांबलीय तुमची."

पण मला सांगायचंय ते त्या रिपोर्टच्या सकाळचं.

कानिफनाथचं नाव ऐकलं आणि ज्ञानेश्वरीचा बांध फुटला. "मीच दिला त्यान्ला रोग. आन् वर मीच माज्या हातानं त्या आर्द्या गोळ्या चारल्या. मीच, मावशी. मी काय केलं हे!" मी तिच्या पाठीवर हात ठेवला.

छबूबाईने रांजणातून तांब्या भरून आणला. तिच्यासमोर बसली.

"बन्सीची पाठ धरायची," ती म्हणाली. "सकाळी फडात जायच्या आधी दोन गोळ्या. दुखायच्या. मीच त्याच्या तळहातावर ठेवायची नि मीच पानी द्यायची. सोळा हंगाम. मला वाटायचं, गोळी पाठीला जाती." मग माझ्याकडे मान केली. "ह्या मॅडमनी सांगितलं, तवा कळलं कुठं गेली ती. तवा त्याला जाऊन दीड वरीस झालतं."

मला तो बाक आठवला. माझा डबा आठवला, आणि तिचं न बोलता उठून जाणं. दहा वर्षं मी त्याला उद्धटपणा समजत आले होते. मला माझीच शरम वाटली आणि मी तिचा हात धरला. तिने धरू दिला, पण नजर ज्ञानेश्वरीवरच.

"तुला दोन म्हयन्यात कळलं, पोरी. त्यो जित्ता असताना कळलं. रडती कशाला?" तिने त्या पोरीचा तळहात उघडला, गोळ्या मोजून ठेवल्या, आणि बोटं मिटवून दिली. "ह्या तुज्या. त्याच्या त्याला देते. घे, पानी पी."

ज्ञानेश्वरीने डोळे पुसले, आणि तिन्ही गोळ्या एकदम तोंडात टाकल्या.